अर्ध्या जेवणातून

शेवटचा खिळा ठोकून देल्फिन शिडीवरून उतरला, तेव्हा पायाखाली जमीन आली की नाही हेही त्याला धड कळलं नाही. छप्पर झालं होतं. डाव्या कोपऱ्यातला पत्रा जरा उचललेला दिसत होता. पण पुन्हा वर चढायची ताकद नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. आठवडाभर मदत करू आणि परत जाऊ, म्हणून तो मदतीच्या तुकडीबरोबर सामार बेटाच्या या किनाऱ्यावर आला होता. वादळाने मोडलेलं गाव आठवड्यात उभं राहत नाही, हे इथे आल्यावर समजलं. सुरुवातीला एकेक छप्पर चढलं की त्याचे डोळे भरून यायचे. आता नजर आधी पुढच्या मोडक्या घराकडे जायची.

"ये, जेवायला बस," नानाय पासिंगने आतून हाक मारली. घर या म्हातारीचंच होतं; नानाय म्हणजे आई, सगळे तिला तशीच हाक मारत.

असं सगळेच म्हणतात. ताटावर बसलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्यालाही बोलावतो, आणि जाणाऱ्याने हसून पुढे जायचं असतं. शिवाय ज्यांची घरं गेली त्यांच्याकडचं काही खायचं नाही, असा तुकडीचा नियमच होता.

"आत्ताच झालं, नानाय."

"कुठे झालं? सकाळपासून तू माझ्या डोक्यावर तर आहेस. वर काय माकडांनी पंगत मांडली होती?"

देल्फिनला हसू आलं आणि हसता हसता तो आत जाऊन बसलासुद्धा. नियम मोडायचं त्याने काही ठरवलं नव्हतं, पायांनीच परस्पर ठरवून टाकलं.

टेबल म्हणजे घराचंच दार होतं, अजून बसवायचं राहिलेलं, विटांवर आडवं टेकवलेलं. घरात ताट एकच उरलं होतं. ते म्हातारीने त्याच्यापुढे ठेवलं. मदतीच्या तांदळाचा भात, डब्यातले मासे आणि शेवग्याचा पाला. गावात एकही माड उभा नव्हता, शेवग्याला मात्र पालवी फुटली होती. देल्फिन मान खाली घालून जेवू लागला. म्हातारी मांडीत हात घेऊन समोर बसून राहिली.

"तुम्ही?"

"माझं होईल नंतर."

तिचं नंतर कसं होतं, ते शेजारणींनी त्याला सांगितलं होतं. वादळापासून म्हातारी जेवायला म्हणून बसलीच नव्हती. चुलीपाशी उभ्यानेच दोन घास गिळायची, तेही आठवण केली तर.

बाहेर तुकडीच्या ट्रकचा हॉर्न वाजला. भरतीचं पाणी चढायच्या आत खाडीचा रस्ता ओलांडायचा होता.

"देल्फिन!" ड्रायव्हर बेर्तिंग ओरडला. "येतोस, की राहतोस घरजावई होऊन?"

देल्फिन हातातला घास खाली ठेवून उठला. "निघतो, नानाय. माफ करा."

तिने त्याचं मनगट धरलं. हात काडीसारखा, पण सुटता सुटेना. "जेवणातून उठून जाऊ नये."

"पाणी चढतंय हो. ट्रक अडकेल."

"मग मला ताट फिरवू दे."

देल्फिनची आईही हे करायची. कुणी अर्ध्या जेवणातून बाहेर निघालं, की मागे जेवणाऱ्यांनी आपापलं ताट एकदा गोल फिरवायचं. जाणारा वाटेत सुखरूप राहतो.

"फिरवा की," तो म्हणाला.

म्हातारी टेबलाकडे बघत राहिली. तिच्यापुढे ताटच नव्हतं.

"माझं फिरवा."

"जाणाऱ्याचं नाही चालत. मागे जो जेवतोय त्याने फिरवायचं." तिने त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं. "माझा लेक तेर्यो वादळाच्या दिवशी असाच उठला. वारा सुटलाय, होडी बांधून येतो म्हणाला. मी म्हटलं, जेवून जा. ऐकलं नाही. मला राग आला. मी मुद्दाम नाही फिरवलं ताट. म्हटलं, जाऊ दे, कळू दे त्याला."

पुन्हा हॉर्न वाजला.

सुरुवातीचे दिवस असते तर देल्फिनने तिला जवळ घेतलं असतं, काहीतरी समजुतीचं बोलला असता. आज त्याला नुसता राग आला. वादळाचा, हॉर्नचा, या म्हातारीचासुद्धा. त्याने हात सोडवून घेतला, भाताच्या टोपावरचं झाकण उचलून उलटं केलं, आपल्या ताटातला न शिवलेला भात त्यावर लोटला आणि झाकण तिच्यापुढे सरकवलं.

"जेवा. मग फिरवा. तोवर मी हलत नाही."

"ट्रक जाईल."

"जाऊ दे."

म्हातारी बराच वेळ भाताकडे पाहत बसली. मग तिने एक घास उचलला. चावायचं कसं ते विसरल्यासारखी ती चावत होती. मग दुसरा घास. बाहेर बेर्तिंगने कुणाच्या तरी आज्याचा उद्धार केला आणि इंजिन बंद केलं.

तिसऱ्या घासानंतर तिने हात झग्याला पुसला, झाकणाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि ते सावकाश, पुरतं गोल फिरवलं.

"जा आता," ती म्हणाली. "आणि हे बघ, डाव्या कोपऱ्यातला पत्रा उचललाय. मी बघितलंय. उद्या येऊन नीट ठोक."

"येतो."

देल्फिन ट्रकवर चढला.

"जेवलास?" बेर्तिंगने विचारलं.

"अर्धं."

बेर्तिंगने गिअर टाकला. ट्रक हलला. देल्फिनने मागे वळून पाहिलं. घराला दार नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. म्हातारी अजून जेवायला बसलेलीच होती. तिने एक घास घेतला. मग समुद्राकडे पाहिलं आणि झाकण पुन्हा एकदा फिरवलं.