बिल्ल्याविना झुंबरू

"हा कुठून आला, ते आता तुम्हीच सांगा," म्हणत मौजलोक पार्कच्या सोनल मॅडमनी पिशवीतून झुंबरू काढला आणि दिवाणावर बसवला.

तपकिरी अंग, निळं नाक, वाकडं हसू. टीव्हीवरच्या ज्या अस्वलापायी भिलाई-दुर्गातल्या पोरांनी आईबापांना भंडावून सोडलं होतं, तेच हे. त्याचे बाहुले विकायचं लायसन एकट्या मौजलोक पार्ककडे होतं आणि ते शिवून द्यायचं काम कीर्तीकडे. पण या झुंबरूच्या पायाला कंपनीचा चकचकीत बिल्ला नव्हता. मॅडमनी तो काल जलतरंग पार्कमध्ये विकत घेतला होता. जलतरंग म्हणजे मौजलोकचा हाडवैरी. तिथल्या झोपाळ्याचा रंगसुद्धा मौजलोकवाल्यांना बघवत नसे.

"कापड कंपनीचंच आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे तुमच्यापैकीच कोणीतरी माल तिकडे देतंय. मला फक्त नाव हवंय. ती बाई बंद, बाकीच्यांचं काम चालू. नाव मिळालं नाही तर सगळंच काम रायपूरला हलवावं लागेल."

सेक्टर दोनच्या या क्वार्टरात कीर्तीने हे काम एकेक बाई गोळा करून उभं केलं होतं. बायका कापड घरी न्यायच्या, शिवून, कापूस भरून आणायच्या. डोळे मात्र इथेच बसायचे. ते काम कीर्ती घराबाहेर जाऊ देत नसे. ते तिची सासू करायची, कमलाबाई. म्हातारीचा हात अजून नेमका होता. खूळ एकच. डोळे बसले की प्रत्येक झुंबरूला काजळाची तीट. "डोये लागले का जीव आला, आन् जीव आला का नजर लागते." कीर्तीने भांडभांडून ती तीट गालावरून कानामागे ढकलली होती. कंपनीला पत्ता नव्हता. शिवणाऱ्या बायका मात्र त्यावरून खूप हसायच्या. डोळे लागलेल्या झुंबरूंची पोती मग कीर्तीचा नवरा प्रफुल्ल ड्यूटीवर जाताजाता स्कूटरवरून मौजलोकला पोचवायचा; बिल्ले तिथे गेल्यावरच लागायचे. आज मॅडम येणार हे कळल्यावर तो डबासुद्धा न घेता स्टील प्लांटला गेला होता.

बायका दारात दाटीवाटीने उभ्या होत्या आणि सगळ्यांची नजर एकीवरच होती. नंदिनी नगरची भागीरथा. तिचा नवरा चंपत जलतरंगच्या गेटवर पार्किंगच्या पावत्या फाडायचा. आणखी काय पुरावा पाहिजे? कीर्तीने तर रात्री मॅडमचा फोन आला तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं.

"उचल त्याले," ती म्हणाली. "पाहून सांग, तुयाच टाका आहे का नाही."

भागीरथाने झुंबरू उचलला. पोटाची शिवण पाहिली, पाय पाहिले, कान उलटून पाहिले. एका कानाशी तिचा हात थबकला. तान्ह्या लेकराला धरावं तसं त्याला छातीशी धरून, एक हात त्याच्या डोक्यावर ठेवून उभी राहिली. तिची नजर आतल्या खोलीकडे गेली. तिथे कमलाबाई पुढ्यात डोळ्यांची वाटी घेऊन बसल्या होत्या. बाहेर काय चाललंय, ते त्यांना नीटसं ऐकूही जात नव्हतं.

"बोल न! तोंड कावून शिवलं?"

"माहंच नाव लिवा, ताई."

"म्हणजे तूच?"

"तुमचं काम बंद नाही पडलं पायजे. लय जनींच्या चुली हायेत त्याच्यावर."

कीर्तीला तो कोडगेपणा वाटला. तिचं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत? लहान बहीण समजून मशीन शिकवली तुले! चूल आता आठवून राहिली का? निघ इथून. परत पाय ठेवू नको या घरात."

भागीरथा रडली नाही. मॅडमनी झुंबरूसाठी हात पुढे केला, तरी तिने झुंबरू कीर्तीच्याच हातात घट्ट दाबून दिला. मग हात जोडले. तिच्या अंगठ्याला काळं लागलेलं होतं. मशीनचं तेल असेल, कीर्तीला वाटलं. चपला घालताना भागीरथाने आत कमलाबाईंकडे बघून फक्त एवढंच विचारलं, "आईचे गुडघे कसे हायेत आता?"

मॅडमनी मोबाईलमध्ये नाव टिपलं, चहा घेतला. "हा ठेवा तुम्हालाच," म्हणून झुंबरू दिवाणावरच सोडला आणि गेल्या. बायकाही सुटल्यासारख्या पांगल्या. कीर्तीचं अंग हलकं झालं होतं. काम वाचलं होतं.

भिंतीला धरत धरत कमलाबाई बाहेर आल्या. दिवाणावर टेकल्या. झुंबरू दिसला तसा त्यांनी तो मांडीवर घेतला आणि सवयीने त्याचा कान उलटला.

"अव, हा परत कावून आला? हा तं आपलाच आहे. प्रफुल्लनं नेला होता न पोत्यात?"

कीर्तीने वळून पाहिलं. कानामागे फिसकटलेलं काजळ होतं. डोळे लागलेला, तीट लावलेला झुंबरू या घरातून फक्त एकाच माणसाच्या हातून बाहेर जायचा. ओट्यावर प्रफुल्लचा भरलेला डबा तसाच पडला होता. तिला भागीरथाचा काळा अंगठा आठवला.

कमलाबाई कान उजेडाकडे धरून निरखत होत्या. त्यांना राग आला होता.

"मी तं चांगली ठसठशीत लावली होती व. ही तीट अशी कोनं पुसली?"