वडिवळ्याच्या नांग्या

यशोधराने सहा वर्षं मावळातल्या खेकड्यांचे आकार मोजून ते द्रावणाच्या बाटल्यांत जपले. बाकीच्या ओढ्यांत ती स्वतः उतरायची, वडिवळे गावच्या ओढ्यातले खेकडे मात्र तिथल्या शकुमावशी हौसेने धरून द्यायच्या. नांग्या बारीक निघाल्या त्या फक्त वडिवळ्याच्याच. ‘उत्क्रांतीने इथे वेगळी वाट धरली,’ असा प्रबंध लिहून ती डॉक्टर झाली.

पेढे घेऊन ती मावशींकडे गेली. मावशींनी आग्रहाने जेवायला बसवलं आणि ताटात मुठीएवढी नांगी वाढली.

“मावशी, हा खेकडा कुठला?”

“आपल्याच वढ्यातला की! असले लय घावत्यात.”

“मग मला सहा वर्षं बारकेच कसे दिलेत?” यशोधराने विचारलं.



“तू बाटलीतच बुडवनार, म्हनून तुला बारकी द्यायचो, पोरी. मोठी रश्श्याला ठिवायचो.”