चौदाव्या ओळीतला कंस

सासरेबुवांनी चौदाव्या ओळीतला शेवटचा कंस पुसला, फाइल सेव्ह केली आणि लॅपटॉप होता तसा मिटून ठेवला. दुपारचे तीन वाजले होते. सून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत, मुलगा ऑफिसात, नात शाळेत. साक्षीला फक्त फ्रिज.

एकतीस वर्षं त्यांनी प्रोग्रॅम लिहिले होते. निवृत्तीनंतर घरात त्यांना एकच प्रश्न विचारला जाई: "बाबा, जेवलात का?" दोन महिन्यांपूर्वी सुनेने दुसरा विचारला. प्रयोगशाळेत संगणकावरची एक जागा निघाली होती. दिवसभर उभं राहून रक्ताच्या नळ्या लावायच्या आणि संध्याकाळी टाचा धरून बसायचं, यातून सुटका. पण परीक्षा प्रोग्रॅमिंगची, आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"शिकवाल का, बाबा? वेळ मात्र पंचवीसच मिनिटं. सहाला मी येते, सहा पंचवीसला तुमची नात पोहून येते, की संपलं."

"अगं, बाबांची भाषा आता संग्रहालयात ठेवलीय," मुलगा हसला.

सासरेबुवांनी चार दिवसांत नवी भाषा शिकून घेतली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "पुढे # ही खूण असली की ती ओळ यंत्र वाचत नाही. ती माणसांसाठी असते."

"म्हणजे यात गप्पाही मारता येतात!" सून म्हणाली.

घेतल्यापासून चार तास उलटून गेलेले नमुने शोधून काढायचे, एवढाच तिचा प्रोग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात तो एका फटक्यात चालला. तिने टाळी वाजवली, सहा वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉप मिटला आणि आत कामाला गेली. उरलेली पंधरा मिनिटं सासरेबुवा टेबलाशी एकटेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्यांनी पहिला कंस काढला.

मग रोज काहीतरी बिघडू लागलं. कधी कंस, कधी अवतरणचिन्ह.

"काल चालत होतं हो, बाबा!"

"यंत्र आहे. त्यालाही मूड असतो," ते गंभीर चेहऱ्याने म्हणत. मग दोन डोकी पडद्यावर वाकत आणि पंचवीस मिनिटं पुरत नसत. रात्री अंथरुणावर त्यांना मन खात असे: पोरीकडे वेळ तो केवढासा, आणि तोही आपण पळवतोय. आजचं शेवटचं, असं ते रोज ठरवत.

परीक्षेच्या दिवशी ते दोनदा दारापर्यंत जाऊन आले. संध्याकाळी सून चपला न काढताच आत आली.

"बाबा, त्यांनी मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम दिला होता! बाकीचे तासभर शोधत बसले. मला चार मिनिटं लागली."

जागा तिला मिळाली.

"चला, शिकवणी संपली म्हणायची," मुलगा म्हणाला. सासरेबुवांनी मान डोलावली आणि उगाच चष्मा पुसला. सुनेने लॅपटॉप जवळ ओढला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सवयीने त्यांचे पाय टेबलाकडे वळले. काढायचं काही नव्हतंच आता. नुसता एकदा चालवून बघू, म्हणून त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरात चूक उमटली.

आपण तर हात लावला नव्हता. ते दचकले. चष्मा सारखा करून एकेक ओळ वाचत खाली गेले. सगळ्यात शेवटी एक नवी ओळ होती:

# बाबा, रोज तुम्ही काढता, आज मी काढलाय. एकट्याने शोधू नका, सहाला येते.