रिकामा साचा

दुरुस्तीसाठी कारखाना बंद होता आणि साचा थंडगार, रिकामा होता. साच्यातून वाहणारं वितळलेलं पोलाद चुंबकाच्या जोरावर मोजणारा सेन्सर ती तपासत होती. पडद्यावर शून्य होतं.

तिचा दादा क्रेन चालवायचा. बायको गेल्यापासून त्याच्या तोंडाला कुलूपच लागलं होतं. तो आला आणि सहज सेन्सरवर हात टेकवून उभा राहिला. पडद्यावरची रेघ उसळली. रेघेच्या मते पोलाद वाहत होतं.

"दादा, हात काढ."

शून्य. तिने स्वतःचा हात ठेवून पाहिला. शून्यच.

"परत ठेव बरं. काही जाणवतंय?"

"काही नाही गं. हल्ली काहीच जाणवत नाही."

त्याच्या हाताखाली पुन्हा उसळलेली रेघ आता हळूहळू उतरू लागली, ओतणं संपत आलं की उतरते तशी. त्याच्या बाजूने पडदा दिसत नव्हता.

"अजून किती उरलंय?" त्याने विचारलं.