फक्त पहिली ओळ

आमच्या सोसायटीतली लिफ्ट आमच्याच कंपनीची; तिच्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्येच आम्ही सगळ्या सूचना लिहून ठेवल्या होत्या. छापल्या तर पन्नास पानं. "एवढं कोण वाचत बसणार?" साहेब वैतागले. मी पायथन या संगणकभाषेत छोटीशी स्क्रिप्ट लिहिली, प्रत्येक भागातली फक्त पहिली ओळ उचलली आणि दोन सुटसुटीत पानं वॉचमनकाकांच्या हाती दिली.

आज तीच लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत मी आणि आई. तिला दमा, आणि पंप घरी राहिलेला. तिला धाप लागली तशी मी दार बडवत ओरडले, "काका, ती पानं काढा! लिफ्ट अडकली तर काय करायचं?"

काकांनी बाहेरून मोठ्याने वाचलं, "लिफ्ट अडकल्यास घाबरून जाऊ नये."

"बरं, पुढे?"



"पुढे काहीच नाही, ताई. लगेच पंख्याच्या सूचना सुरू होतात."