समासातल्या तारखा

वाचताना जिथे थांबू तिथे समासात पेन्सिलीने तारीख घालायची, ही बाबांची सवय माझ्यातही उतरली. नोएडात नोकरी लागली आणि वाचन सुटलं. माझी शेवटची तारीख होती तीन मार्च, पान एकेचाळीस.

जूनमधल्या रविवारी आईने फोनवर विचारलं, "मीनाक्षी, वाचतेस का गं काही?"

"मनच लागत नाही, यार आई."

तरी ते अर्धवट राहिलेलं पुस्तक उघडलं. पुढच्या पानावर चार मार्च होता, त्यापुढे पाच. आकडे माझ्याच वळणाचे. खोलीत मी एकटीच राहते.

तारखांमागून वाचत गेले आणि गोष्टीत गुंतले. आजच्या तारखेशी थांबणार होते, पण राहवेना. पान उलटलं. तिथे उद्याची तारीख होती.

त्यानंतरच्या एकाही पानावर तारीख नव्हती.

मी अजून थांबलेले नाही.