तीन पिंपं, एक टाकी

तापातून उठल्यापासून तिला ना वास येत होता, ना चव कळत होती. बाबांना हे सांगायची हिंमत होईना. आज तीन जातींच्या लाल द्राक्षांची वाइन एकत्र करायची होती, आणि एकदा मिसळली की ती पुन्हा वेगळी होत नाही. मनातल्या मनात देवाचा धावा करत ती घोट घेई, पेला बाबांना देई, त्यांचा चेहरा बघे आणि पुढच्या पेल्यात तिन्हींचं प्रमाण बदले.

अखेर बाबांनी मान डोलावली. तिन्ही पिंपांतली वाइन त्याच प्रमाणात टाकीत गेली.

"बाबा, जमलीय ना नक्की?"

"मला काय विचारतेस, पोरी?" बाबांनी आवाज खाली आणला. "दोन वर्षं झाली, माझी जीभ बडबडीपुरतीच उरलीय. मी तुझा चेहरा बघून मान डोलावतो."